वजनाचा वेट, ओला वेट: इंग्रजीतला लांब ए कसा बसवायचा

रावेर तालुक्यातल्या एका पॅकहाऊसमध्ये मी कागदपत्रांचं आणि वजनाचं काम बघते. बागेतून केळीचे घड येतात, त्यांच्या फण्या होतात, धुतल्या जातात, तेरा किलोच्या पेट्या भरतात आणि कंटेनर न्हावा शेवा बंदराला निघतो, तिथून आखातात. पाच वर्षांपूर्वी खरेदीदारांशी फोनवर बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठी माध्यमात शिकलेली, बी.कॉम. झालेली. लिहिलेलं इंग्रजी मला चांगलं समजायचं, मेलही मीच लिहायचे.

ऐन पावसाळ्यात एकदा मी फोनवर सांगितलं, की काही पेट्यांचा वेट प्रॉब्लेम आहे. माझ्या डोक्यात वजन होतं, कारण वीस-बावीस पेट्या दोनशे-तीनशे ग्रॅमनं कमी भरल्या होत्या. पलीकडच्यानं ऐकलं, पेट्या ओल्या आहेत. बाहेर पाऊस होताच, त्यामुळे त्याला शंकाही आली नाही. त्यानं माल थांबवायला सांगितलं, पुठ्ठा भिजलाय का ते बघायला रचलेल्या पेट्या उतरवून उघडायला लावल्या, फोटो मागवले. ज्या बायांची पाचला सुट्टी व्हायची त्या रात्री नऊपर्यंत पेट्या पुन्हा बांधत होत्या. त्यातल्या एकीचं तान्हं पोर घरी होतं. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून गेला नाही. तेव्हापासून मी या एका स्वराच्या मागे लागले. जे हाती आलं ते इथं लिहिते आहे, कारण ही अडचण आपल्या भागातल्या जवळजवळ प्रत्येकाची आहे आणि शाळेत तिच्याबद्दल कुणी सांगत नाही.

मूळ कारण आपल्या लिपीत आहे. वजन, थांबणं आणि ओलं, या तिन्ही अर्थांचे इंग्रजी शब्द आपण 'वेट' असेच लिहितो. इंग्रजीत वजनाचा आणि थांबण्याचा वेट सारखा ऐकू येतो, ओला मात्र वेगळा. अशा जोड्या एकदा शोधायला लागलं की थांबवत नाही. लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन. परीक्षेची टेस्ट आणि जिभेची टेस्ट. कागदाचा पेपर आणि मिरीचा पेपर. तारखेची डेट आणि कर्जाची डेट. सावलीची शेड आणि पत्र्याची शेड. दुकानातला सेल आणि टॉर्चमधला सेल. दारातलं गेट आणि 'मिळव' या अर्थाचं गेट. वाया जाण्याचा वेस्ट आणि पश्चिमेचा वेस्ट. मराठीत एकच ए आहे, तो आपण दोन्हीकडे लावतो आणि आपल्याला काही चुकल्यासारखं वाटतही नाही. कानाला घरात जो फरक कधी लागलाच नाही तो परका कान सोडून देत नाही, हे आपल्याला सांगणार कोण?

म्हणून सुरुवात तोंडापासून करू नका, कानापासून करा. मोबाइलवरच्या इंग्रजी शब्दकोशात शब्दापुढे भोंग्याचं चिन्ह असतं. वजनाचा वेट काढा, ऐका. ओला वेट काढा, ऐका. पाच-सहा वेळा आलटून पालटून. मग घरातल्या कुणाला तरी फोन हातात द्या, तुम्ही पाठ करून बसा आणि त्यांना दोन्हींपैकी कोणताही एक लावायला सांगा. वजन वाटलं तर एक बोट, ओलं वाटलं तर दोन. वीसपैकी पंधरा-सोळा बरोबर यायला लागेपर्यंत बोलायची घाई नको. मला यालाच दहा-बारा दिवस लागले, रोज दहा मिनिटं.

आता आवाज नेमका काय आहे ते बघू. लांब ए हा एका जागी उभा राहणारा स्वर नाही, तो चालतो. ए पासून निघतो आणि ई च्या दिशेनं सरकतो, पण ई पर्यंत पोचत नाही. मी तो इथून पुढं 'एय' असा लिहीन. आखूड ए मात्र जागचा हलत नाही, तो नुसता 'ए' लिहीन. म्हणजे वजनाचा 'वेय्ट' आणि ओला 'वेट'. शाळेच्या व्याकरणात आपण ए, ऐ, ओ, औ यांना संयुक्त स्वर म्हणतो, अ आणि इ मिळून ए, म्हणून महा आणि ईश मिळून महेश. मराठीच्या आजच्या बोलण्यात त्या ए मधला जोड ऐकू येत नाही, तो एकजीव झाला आहे. इंग्रजीच्या लांब ए मध्ये जोड ऐकू येतो.

हा एय बाहेरून आणायची गरज नाही, तो आपल्या घरात आहे. माझी आजी केळीला केळी म्हणत नाही. खान्देशात ळ चा य होतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही: डोळ्याचा डोया, शाळेची शाया, बाभळीची बाभयी. तसंच केळाचं केय, खेळाचा खेय, मेळाचा मेय. वेळेला आमच्या गल्लीत कुणी वेय म्हणतं, कुणी येय. आजी संध्याकाळी ओसरीवरून हाक मारते, "जेवाले चाल, वेय झाली." त्या 'वेय'च्या शेवटी फक्त ट लावा. वजनाचा वेट तयार.

हे मला सुचलं तेव्हा मी खरंच थोडा वेळ गप्प बसून राहिले. शाळेत असताना 'केय' म्हटलं म्हणून मला वर्गात उभं केलं होतं, शुद्ध बोल म्हणून. मी तो आवाज इतक्या निष्ठेनं पुसला की इंग्रजीत तोच लागतो तेव्हा माझ्या तोंडात तो राहिला नव्हता. आमच्या वयाच्या कितीतरी जणांचं असं झालं असेल. तुमच्या घरात आजी, आत्या, कुणी जुनं माणूस बोली बोलत असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि केय, खेय, मेय त्यांच्या तोंडून ऐका. तुमच्यासाठी तोच पहिला धडा.

घरी बोली नसेल तर प्रमाण मराठीतही साठा आहे. पेय, ध्येय, श्रेय, अजेय. मी रोज बिलावर 'देय रक्कम' लिहिते. त्यातला 'देय' द च्या जागी ड घालून म्हटला की इंग्रजी दिवस होतो. पेय म्हणा, तो पैसे देण्याचा 'पे'. मात्र शब्द तोडून पे-य, दे-य असं करू नका. एकाच श्वासात, एकच ठोका.

माझी भाची आठवीत आहे, सुट्टीत माझ्याकडे येते. तिला हे शिकवलं त्याची रीत सांगते. तळहात आडवा धरून हनुवटीच्या खाली टेकवायचा, अगदी हलका. मग म्हणायचं, केय. हनुवटी आधी हाताला दाबते आणि शब्द संपता संपता वर उचलली जाते. आता नुसतं 'के' म्हणा, मराठी पद्धतीनं, आणि तिथंच थांबा. हनुवटी जिथं गेली तिथंच राहते. भाचीनं चार-पाच वेळा करून पाहिलं, मग डोळे मोठे करून म्हणाली, "मावशी, हालली!" जिभेचंही तसंच आहे. एय म्हणताना जिभेचा पुढचा भाग टाळूकडे चढत जातो, टोक मात्र खालच्या दातांच्या मागेच असतं. ओठांचे कोपरे किंचित बाजूला ताणले जातात. आरसा असेल तर हे कोपरे बघा. हात आणि आरसा, दोन्ही एकदम नको, गोंधळ होतो.

आखूड ए त्यामानानं अवघड आहे, आणि लोक त्याच्याकडे लक्ष देत नाहीत. आपला मराठी ए जरासा वरचा आहे, इंग्रजी आखूड ए त्याच्या थोडा खाली. बँक, बॅट यातला अॅ आपल्याला येतो, तो आणखी खाली. आखूड ए या दोन्हींच्या मधे बसतो. म्हणून तीन पायऱ्या करा: तव्यासारखा पॅन, लिहायचा पेन, दुखण्याचा पेय्न. खालून वर म्हणा, वरून खाली म्हणा. मधली पायरी सापडेपर्यंत वरच्या दोघांत फरक पडत नाही. फार खाली गेलात तर पेन मागितल्यावर पॅन येईल, हेही लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त चूक कुठे होते? लांब ए आहे म्हटल्यावर माणूस तो ताणतो, वेऽऽट. मीही पहिले दोन महिने ताणलाच. पण ताणणं वेगळं आणि सरकणं वेगळं. इंग्रजीत स्वराची लांबी पुढच्या व्यंजनावरही ठरते. प, ट, क, स, फ, च अशी श्वासाची व्यंजनं पुढं आली की स्वर झटकन संपतो. ब, ड, ग, झ, व, न, म अशी घोष व्यंजनं आली किंवा शब्द स्वरावरच संपला की तो पसरतो. सुरक्षित या अर्थाचा सेय्फ तोडका, वाचवण्याचा सेय्व्ह लांब. धावण्याची रेय्स तोडकी, वाढवण्याचा रेय्झ लांब. वजनाचा वेय्ट तोडक्यांत मोडतो, म्हणून तो ताणला की कानाला खटकतो. त्यातला य मात्र ऐकू आलाच पाहिजे.

व्यंजन जोडायची सवय अशी लावा. केय म्हणा, थांबा, केय म्हणा आणि क नं बंद करा: केय्क. मेय, मेय्न, डाकेची मेय्ल. पेय, पेय्ड, पुस्तकाचं पेय्ज. डेय, डेय्ट. वेय, वेय्ट, वाया जाण्याचा वेय्स्ट. इंग्रजी ट आपल्या ट सारखा जीभ मागे वळवून म्हणत नाहीत, टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याला लावतात. ते जमलं तर उत्तम, नाही जमलं तर अडत नाही, समजायला स्वर पुरतो. फक्त वजनाच्या वेय्टचा व ओठ गोल करून काढा, दात ओठाला लावून नाही.

इंग्रजी बाराखडी तुमच्यापुढे रोज उभी असते, तिचाही उपयोग करा. पहिलं अक्षर आपण ए म्हणतो, ते खरं तर एय. एच, जे आणि के यांच्यातही एय आहे: एय्च, जेय, केय. एफ, एल, एम, एन, एस, एक्स यांच्या सुरुवातीला आखूड ए आहे. मराठीत लिहिताना सगळे सारखेच दिसतात. कंटेनरचा नंबर फोनवर सांगताना मी या दोन गटांची रोज तालीम करते. कागदपत्रात एक अक्षर चुकलं तर काय होतं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. आकड्यांतही तेच: आठ, अठरा, ऐंशी यांचे इंग्रजी शब्द लांब, तर सात, दहा, अकरा, बारा, वीस यांचे आखूड. महिन्यांत मे आणि एप्रिल लांब, सप्टेंबरचं इंग्रजी 'से' आखूड. बुधवारचा इंग्रजी शब्द तर सरावासाठीच जन्माला आलाय, 'वेन्स्डेय', आधी आखूड मग लांब. दिवसभरात एकदा तरी तो नीट म्हणा.

वाचताना लांब कुठे आणि आखूड कुठे हे ओळखायचे काही माग आहेत. ए अक्षर, मग एक व्यंजन, मग शेवटी मुका ई: तिथं लांब. आमच्या धंद्यातले रेट, ग्रेड, क्रेट, डेट, ट्रेड सगळे याच घरातले. शब्दाच्या मधे ए-आय असेल तर बहुधा लांब, कंटेनरमधला 'टेय' तसाच. शेवटी ए-वाय असेल तरी लांब, पेमेंटमधला पे आणि उशिराचा डिलेय. ई-आय-जी-एच आलं तरी लांब, जसं वजन, आठ, जहाजाचं भाडं म्हणजे फ्रेट. पण त्याच स्पेलिंगची उंची 'हाइट' आहे, हे पाठच करावं लागतं. ई-ए बहुतेक ठिकाणी ई किंवा आखूड ए देतो, फक्त ग्रेट, ब्रेक, स्टेक अशा मोजक्या शब्दांत लांब. तोडण्याचा ब्रेय्क लांब, आणि त्याच्यापासून झालेला ब्रेकफास्ट आखूड!

मला हे स्पेलिंग फार छळायचं. नाव या अर्थाचा शब्द ए अक्षरानं लिहून 'नेय्म' का म्हणायचा? मग कळलं की साधारण सहाशे वर्षांपूर्वी इंग्रज माणूस तो शब्द नाम असाच म्हणायचा, शेवटी बारीकसा अ लावून. आपलं संस्कृतातलं नाम आणि त्यांचं ते नाव एकाच मुळाचं आहे. पुढं 1400 ते 1700 च्या दरम्यान इंग्रजीचे बहुतेक लांब स्वर तोंडात वर चढत गेले, आ चा अॅ झाला, अॅ चा ए, आणि शेवटचा य तर त्याहूनही नंतर आला. इंग्लंडात छपाई 1476 साली आली. स्पेलिंगं छापून ठरत गेली आणि आवाज पुढं चालत राहिले. शेवटचा ई एके काळी बोलला जायचा, आता तो फक्त मागचा स्वर लांब आहे एवढं सांगायला उभा आहे. हे कळल्यापासून माझा त्या मुक्या ई वरचा राग गेला.

नियमाला न जुमानणारे शब्द थोडे आहेत पण रोजचे आहेत. 'म्हणाला' हा ए-आय असूनही आखूड, सेड. 'म्हणतो' तसाच, सेझ. एनी आणि मेनी ए अक्षरानं लिहितात पण आखूड. आणि आमच्या कामात सगळ्यात जास्त चुकणारे डॅमेज, पॅकेज, स्टोरेज. शेवटी मुका ई दिसतो म्हणून आपण एज म्हणतो. पण तिथं जोर नाही, म्हणून स्वर मावळतो: डॅमिज, पॅकिज, स्टोरिज. सर्टिफिकेटचंही तसंच, शेवटी 'किट'. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालाला कीड-रोग नसल्याचा दाखला, आठवड्यातून दहा वेळा तोंडात येतं, त्यामुळे हे मला आधी सुधारावं लागलं. म्हणजे लांब ए शिकताना तो कुठं लावायचा नाही हेही बरोबरीनं शिका.

बरेच जण विचारतात, असा य लावून बोलणं ओढूनताणून आणल्यासारखं नाही का वाटणार? स्कॉटलंडमध्ये आणि यॉर्कशायरमध्ये कितीतरी लोक हा स्वर न सरकवता एका जागी लांब धरून बोलतात, आणि ते इंग्रजीच आहे. भारतातले चांगलं इंग्रजी बोलणारे पुष्कळ जणही तसंच बोलतात. तुम्हाला ते सोपं जात असेल तर ए वरचा ठेवा, जरा लांब धरा, आणि आखूड ए नक्की खाली आणा. दोघांत अंतर राहिलं म्हणजे झालं. माझं मत विचाराल तर फोनसाठी सरकता एय बरा. पॅकहाऊसमध्ये पंखे, पाण्याच्या टाक्या, ट्रकचं इंजिन, या गोंगाटात लांबी हरवते, पण य चा शेवट कानापर्यंत जातो.

सरावाला शब्द पुरेसे झाले की वाक्यं घ्या, आणि ती तुमच्या कामातली घ्या, पुस्तकातली नको. माझं पहिलं वाक्य हे होतं: 'द वेय्ट इज लेस, द बॉक्स इज नॉट वेट.' दुसरं: 'वुई विल पेय ऑन द सेय्म डेय.' तिसऱ्यात दोन्ही स्वर एकत्र: 'गेट द पेय्पर्स रेडी बाय एय्ट.' प्रत्येक वाक्य आधी इतकं हळू म्हणायचं की प्रत्येक स्वर हाताला लागेल, मग चालीवर, मग फोन कानाला लावून उभ्यानं. बसून नीट येणारा स्वर उभ्यानं घाईत निसटतो, म्हणून उभ्यानंच तालीम करा. फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. लगेच ऐकलं तर आपल्याला काय म्हणायचं होतं तेच ऐकू येतं.

शिक्षक जवळ नसेल तर मोबाइलमधलं बोलून टाइप करायचं बटण वापरा. भाषा इंग्रजी ठेवा आणि एकेक शब्द सुटा म्हणा. वाक्यात म्हटलं तर फोन अंदाजानं बरोबर लिहितो, आपली परीक्षा होत नाही. पेपर दहा वेळा म्हणा, किती वेळा कागद येतो आणि किती वेळा मिरी ते वहीत लिहा. भाचीनं हा खेळ आजीपुढे मांडला. आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. तिच्यापुढे फोन धरून म्हणाली, "आजी, केळीले काय म्हणतीस?" आजी म्हणाली, "केय." पडद्यावर इंग्रजी के उमटला, एकटाच. भाचीनं तीनदा म्हणायला लावलं, तीनही वेळा तोच.

आता मी वजन सांगताना आकडा आधी सांगते आणि केजी ची दोन अक्षरं सुटी म्हणते, 'ट्वेल्व्ह पॉइंट सेव्हन, केय-जी', मग वेय्ट हा शब्द. ट्वेल्व्ह आणि सेव्हन आखूड, केय आणि वेय्ट लांब, एका ओळीत सगळी तालीम होते. पेट्या बांधणाऱ्या दोन मुली काटा बघताना हीच ओळ माझ्या मागून म्हणतात. त्यातल्या एकीचा सेव्हन अजून सॅव्हन होतो, तिच्यासोबत या आठवड्यात पॅन, पेन, पेय्न पुन्हा सुरू केलं आहे.